ग्रंथपालाची रजा

बारा ऑगस्ट उजाडला की महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत डॉ. रंगनाथनांची तसबीर बाहेर निघते. हार घातला जातो, प्राचार्य चार शब्द बोलतात, ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे कोणी तरी घडाघडा म्हणून दाखवितो आणि चहापान होते. अशाच एका जयंतीस काही वर्षांपूर्वी मी पाहुणा म्हणून गेलो होतो. समारंभ आटोपल्यावर ग्रंथपालबाईंनी मला आपला एक अर्ज दाखविला. ग्रंथालयाच्या संगणकीकरणावरील पाच दिवसांच्या वर्गास जाण्यासाठी त्यांनी रजा मागितली होती. अर्जावर तांबड्या शाईने एकच ओळ लिहिली होती : ‘ग्रंथालयास कुलूप लावावे काय?’ सकाळी ग्रंथालयाला विद्यामंदिराचा गाभारा म्हणणाऱ्या गृहस्थांचीच खाली सही होती.

हा प्रश्न विचारताना आपण आपलीच कबुली देत आहो, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. एक माणूस पाच दिवस नसला की जेथे कुलूप पडते, तेथे दुसरा माणूस नेमलेलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्राध्यापक परिषदेस गेला तर ते संस्थेचे भूषण. ग्रंथपाल गेला तर ती गैरहजेरी! ग्रंथपाल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा इसम, ही समजूत अजून आपल्या नियामक मंडळांच्या डोक्यातून गेलेली नाही. वाचकहो, ह्या मंडळांवर आपल्यापैकीच कित्येक जण बसतात. म्हणून हे आपल्यापुढे मांडीत आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर ग्रंथपालाची बाजू दुबळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ साली रंगनाथनांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली आणि तिने ग्रंथपालांचे वेतन व दर्जा शिक्षकांच्या बरोबरीने असावा असे सुचविले. वेतनाचा भाग पुढे बऱ्याच अंशी पदरात पडला. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने तर बढतीसाठी उद्बोधन वर्ग आणि प्रशिक्षण आवश्यक ठरविले. विद्यापीठ ग्रंथपाल होऊ इच्छिणाऱ्याकडून नावीन्यपूर्ण ग्रंथालयसेवेचा पुरावाही मागितला. म्हणजे आयोगाने शिडी लावावयाची आणि संस्थेने ती खालून ओढून घ्यावयाची, असा हा खेळ चालला आहे. आणि शिडी चढून गेला तरी महाविद्यालयातील ग्रंथपाल पोहोचतो कोठे? वेतनाचा स्तर बदलतो. खोली तीच, खुर्ची तीच, अधिकार तेवढेच. त्याच्या हाताखालचा, स्वतःच्या खर्चाने पदवी घेतलेला मदतनीस तर पुस्तके चढविता-उतरविताच निवृत्त होतो.

पण सारा दोष संस्थाचालकांच्या माथी मारून ग्रंथपालांना मोकळे सोडावे, असे मला वाटत नाही. त्यांची संमेलने मी पाहिली आहेत. शाल, श्रीफळ, स्वागतगीत, एकामागून एक घाईघाईने वाचलेले निबंध आणि अखेरीस प्रमाणपत्रांसाठी लागलेली रांग! निबंधावर कोणी प्रश्न विचारला तर अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात. कोणी म्हणेल, आता वर्ग घरबसल्या संगणकावर होतात, मग रजेचे आणि मेळाव्याचे एवढे काय? प्रमाणपत्र घरी येते हे खरे. पण अडलेल्या वेळी ज्याला विचारावे असा समव्यवसायी सोबती त्या प्रमाणपत्रातून मिळत नाही.

ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो, ते रंगनाथन एकटे बसून रंगनाथन झाले नाहीत. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने गणिताच्या ह्या अध्यापकास ग्रंथपाल नेमले. त्यांचे मन प्रथम तेथे रमेना. विद्यापीठाने त्यांना लंडनला शिकावयास धाडले. तेथे त्यांनी बर्विक सेयर्स ह्यांच्यापाशी अध्ययन केले आणि अनेक ग्रंथालये डोळ्यांनी पाहिली. ते परतल्यावर १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा राहिला आणि पाच सूत्रांचा तो ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध केला तो ह्याच संघाने. रजा, प्रवास, गुरू आणि संघ ही चारही एका माणसाच्या वाट्याला आली, तेव्हा त्यातून एक शास्त्र निघाले. आपण मात्र सूत्रे तेवढी पाठ केली!

आपल्या भाषेला तर ह्या बाबतीत मद्रासकडे पाहण्याचीही गरज नव्हती. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. पुढच्याच वर्षी तेथे ग्रंथपालनाचा वर्ग निघाला आणि १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघू लागले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे. शतकापूर्वी मराठी ग्रंथपालाला आपल्या व्यवसायाविषयी आपल्या भाषेत वाचावयास मिळत होते. ते पत्र टिकले नाही, ह्याची खंत बडोदेकर मराठी मंडळींनी तरी बाळगावयास हवी होती.

अशा संघाची आज गरज कोणती, हे पाहावयाचे तर आपल्या बाकीबाबांचे उदाहरण घ्यावे. त्यांचा मराठी संग्रह ‘बोरकर’ ह्या नावाखाली नोंदला जातो. कोंकणी पुस्तकावर नाव असते ‘बोरकार’. रोमन लिपीतील नोंद आणखी निराळी. तालिकेत एका कवीचे तीन कवी होतात आणि विद्यार्थी एकालाच भेटून परत जातो. ‘नटसम्राट’ कुसुमाग्रजांच्या नावाखाली शोधणाऱ्याचीही हीच गत, कारण नाटकावर नाव शिरवाडकरांचे. कोंकणी तर देवनागरी, रोमन, कन्नड अशा अनेक लिप्यांतून छापली जाते. मडगावचा ग्रंथपाल एक रीत ठरवितो, बेळगावचा दुसरी, बडोद्याचा तिसरी. अमुक नाव प्रमाण धरावे आणि बाकीची त्याकडे वळवावी, हे काम कोणी परका येऊन करून देणार नाही. ह्याच प्रदेशांतल्या दहा-पंधरा ग्रंथपालांनी एका टेबलाभोवती बसल्यावाचून ते होणारही नाही. माझ्या मते हेच खरे संशोधन. बढतीच्या अर्जात त्याचीच नोंद व्हावी.

इकडे काळ थांबलेला नाही. ‘एक देश, एक वर्गणी’ ही योजना केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, जवळजवळ १३,००० नियतकालिके, केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे ६,३०० संस्था. भांडार प्रचंड आहे. त्यातून आपल्या विद्यार्थ्याला नेमके काय उपयोगी, ते कसे शोधावे आणि कशावर विश्वास ठेवावा, हे सांगणारा माणूस मात्र आपण रजेवाचून कोंडून ठेवला आहे.

तेव्हा संस्थाचालकांकडे मागणे दोनच : ग्रंथालयात दुसरा शिकलेला माणूस नेमा, आणि महिन्यातून एक दिवस ग्रंथपालाला कामावर आहे असे समजून आपल्या व्यवसायबंधूंकडे जाऊ द्या. ग्रंथपालांकडे मागणे एक : त्या दिवशी शाल-श्रीफळ नको. पहिल्या बैठकीस प्रत्येकाने आपल्या तालिकेतील बोरकरांच्या सर्व नोंदी उतरवून आणाव्यात आणि नाव कोणते धरावयाचे ते ठरवूनच उठावे.