समुद्रापलीकडील वंशावळ

वंशावळ म्हटली कीं आमच्या घरांतून डोळ्यांपुढें येतो तो मूळपुरुषापासून खालीं उतरत गेलेला नांवांचा वृक्ष. कोठें देवघरांतील पेटींत गुंडाळून ठेवलेला जुना कागद असतो, कोठें छापील कुलवृत्तांत, तर कोठें काशी, गया किंवा त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांची वही. ज्या घरीं लेखणी होती त्या घरीं वंशावळ राहिली. ज्या घरीं लेखणी नव्हती त्या घरच्या पूर्वजांचें पुढें काय झालें, हा प्रश्न आम्हांपैकीं फार थोड्यांच्या मनांत येतो. या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावयाची हकीकत त्याच प्रश्नाची आहे, आणि ती घडली आहे हिंदी महासागरांतील एका बेटावर.

जुन्या पिढीच्या तोंडीं ‘मोरस साखर’ हा शब्द असे. हें मोरस म्हणजेच मॉरिशस. त्या साखरेचा ऊंस लावणारे आणि तोडणारे हात कोणाचे होते, हें मात्र साखर खाणारांस क्वचितच ठाऊक असे. १८१० सालीं हें बेट फ्रेंचांच्या हातून इंग्रजांच्या हातीं आलें. १८३५ च्या आरंभीं तेथील गुलामगिरी कायद्यानें संपावयाची होती, म्हणून मळेवाल्यांनीं मजुरांसाठीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अ‍ॅटलस’ नांवाच्या जहाजानें कलकत्त्याहून आणलेले ३६ मजूर पोर्ट लुई बंदरांत उतरविले. तेव्हांपासून १९१० पर्यंत सुमारें साडेचार लाख स्त्रीपुरुष करारानें बांधले जाऊन त्या बेटावर गेले. त्यांत बहुसंख्य लोक बिहारकडील आणि मद्रासकडील होते. परंतु मुंबई बंदरांतूनहि हजारों मराठी माणसें गेलीं, आणि तींहि मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. रत्नागिरी, ठाणें, सातारा, सावंतवाडी या भागांतील कुणबी, मराठे व महार या जातींचीं तीं माणसें होतीं. पोटाला अन्न नाहीं आणि मुकादम महिन्याच्या पगाराची गोष्ट सांगत आहे, एवढेंच निमित्त त्यांना पुरे झालें.

ज्यांना परत यावयाचें होतें त्यांपैकीं कांहीं परत आले. बाकीचे तेथेंच राहिले. घरीं क्रिओल बोलणारे त्यांचे वंशज आज शाळेंत मराठी शिकतात. गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. गणपतीपुढें जी ‘झाकरी’ नाचली जाते ती कोंकणांतल्या जाखडीचीच बहीण होय, आणि मंगलकार्यांत कोठें कोठें गोंधळहि घातला जातो. म्हणजे पायांना ताल आठवत राहिला, गळ्याला गाणें आठवत राहिलें. गांवाचें नांव मात्र पुष्कळांच्या घरांतून दोनतीन पिढ्यांतच पुसून गेलें.

आतां असा एखादा मनुष्य आपला मूळपुरुष शोधूं लागला तर तो कोणत्या वाटेनें जातो, तें पाहण्यासारखें आहे. तो प्रथम आपल्या आजापणजांचे जन्म, विवाह आणि मृत्यु यांचे सरकारी दाखले मिळवितो. एकेक पिढी मागें जातां जातां एखाद्या दाखल्यांत त्याला पूर्वजाच्या नांवाशेजारीं एक आंकडा लिहिलेला आढळतो. हा आंकडा म्हणजे बेटावर पाऊल टाकतांच प्रत्येक मजुरास मिळालेला क्रमांक. तो हातीं लागला कीं शोध करणारा मोका या गांवीं महात्मा गांधी संस्थेंत जातो. १९७० सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत आगंतुक मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जतन करून ठेविलेल्या आहेत. क्रमांकावरून नोंद निघते, आणि त्या एका ओळींत काय काय असतें? मजुराचें नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव व जिल्हा, शरीराची उंची, अंगावरची खूण, आला तें जहाज, आल्याची तारीख, आणि ज्या मळ्यावर धाडला त्याचें नांव. १८६० नंतरच्या दशकांत तर छायाचित्रेंहि काढूं लागले. ज्याच्या खापरपणजोबानें आयुष्यांत कधीं आरसा पाहिला होता कीं नाहीं कोण जाणे, त्याला खापरपणजोबाचा चेहरा पाहावयास मिळतो!

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. आमच्या उत्तमांत उत्तम वंशावळींत मूळपुरुषाची उंची लिहिलेली असते काय? त्याच्या कपाळावर व्रण होता, कीं डाव्या हातावर भाजल्याची खूण होती, हें आम्हांस ठाऊक असतें काय? आम्हांला गोत्र ठाऊक, प्रवर ठाऊक. माणूस ठाऊक नाहीं. अर्थात् ही नोंद कोणीं प्रेमानें ठेविली असें नव्हे. मजूर मळा सोडून पळाला तर ओळखूं यावा, यासाठीं ती खूण टिपलेली होती. १८६७ च्या कायद्यानें तर जुन्या मजुरांनाहि छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणें भाग पडलें; तो जवळ नसला म्हणजे अटक होई. पोर्ट लुई येथील ज्या डेपोंतून यांपैकीं पुष्कळ लोक गेले तो १८४९ सालीं सुरू झाला. आज त्यास ‘आप्रवासी घाट’ म्हणतात, आणि २००६ सालीं त्याची गणना जागतिक वारशाच्या स्थळांत झाली. बेडी म्हणून घडविलेली वस्तु नातवंडांच्या हातीं वारसा होऊन आली, असा हा दैवाचा विलक्षण न्याय आहे.

परंतु शोध इतका सोपा नाहीं. पहिली अडचण नांवांची. समजा, बाळाचा मुलगा राणू असा एक मजूर उतरला. कारकुनानें ऐकलें तसें लिहिलें. आडनांव विचारण्याची त्याला गरज नव्हती, आणि राणूलाहि सांगण्याची संवय नव्हती. पुढें राणूच्या मुलाच्या दाखल्यांत बापाचें नांव आडनांवाच्या जागीं जाऊन बसलें, आणि मग तेंच कायमचें कुलनाम झालें. रामजी, बाबाजी, बापू अशीं आडनांवें त्या बेटावर आढळतात तीं अशा रीतीनें बनलेलीं आहेत. घरचें खरें आडनांव मोरे होतें, कीं शिंदे होतें, कीं गांवावरून पडलेलें होतें, हें त्यांतून निघत नाहीं. दुसरी अडचण विवाहाची. केवळ धार्मिक विधीनें लागलेलें लग्न पूर्वीं तेथील दिवाणी कायदा मानीत नसे. त्यामुळें सप्तपदी झालेल्या जोडप्याचीं मुलेंहि सरकारी कागदांत निराळ्याच रीतीनें नोंदलीं जात आणि बापलेकांचा धागा मधेंच तुटे. तिसरी अडचण गांवाच्या नांवाची. इंग्रज कारकुनाच्या कानावर पडलेलें गांव फ्रेंच वळणाच्या लेखणींतून उतरतांना काय रूप घेईल याचा नेम नसे.

असा शोध करणारे मराठीच आहेत असें नाहीं. आयर्लंडांतून जगभर पसरलेल्या कुटुंबांची कथाहि याच जातीची आहे. १९२२ सालीं डब्लिन येथील सरकारी दफ्तरखाना यादवी युद्धांत जळाला आणि १८२१ ते १८५१ या काळांतील खानेसुमारीचे बहुतेक कागद त्यांत भस्म झाले. त्यामुळें पुष्कळ आयरिश घराण्यांना आपली कुळी मायदेशांतल्यापेक्षां परदेशांतल्या जहाजांच्या याद्यांतून आणि चर्चच्या वह्यांतून जुळवावी लागते. वेस्ट इंडीजमधील माँटसेराट या चिमुकल्या बेटावर सतराव्या शतकांत आयरिश मजूर गेले. आज तेथील आफ्रिकन वंशाच्या घरांतूनहि रायली, स्वीनी अशीं आयरिश आडनांवें ऐकूं येतात. तात्पर्य, एकटें आडनांव कुळाची साक्ष देत नाहीं. कागद पाहिजे, आणि तो दोन्ही तीरांवर पाहिजे.

‘दोन्ही तीरांवर’ हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरले आहेत. मॉरिशसच्या तीरावर कागद आहे. अलीकडच्या तीरावर काय आहे? पुष्कळ खटपटीनंतर बेटावरचा मनुष्य गांवाचें नांव घेऊन कोंकणांत उतरतो आणि विचारतो, ‘सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं येथून राणू नांवाचा कोणी गेला होता काय?’ गांवांत उत्तर मिळत नाहीं. गेलेल्याचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं. जो गेला तो गेला, त्याचा हिस्सा भावांत मिळाला, आणि दोन पिढ्यांत तो कधीं जन्मलाच नव्हता असें झालें. मार्च २०२४ मध्यें राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या असतां तेथील भारतीय वंशाच्या लोकांस सातव्या पिढीपर्यंत भारताच्या ‘ओव्हरसीज सिटिझन’ दाखल्यासाठीं पात्र धरण्याचा निर्णय जाहीर झाला. सात पिढ्यांचा संबंध सरकार मान्य करावयास तयार आहे. पण नातें सरकारच्या मुद्रेनें उभें राहत नाहीं. त्याला पलीकडून हांक आल्यावर अलीकडून ‘ओ’ देणारें कोणी असावें लागतें.

भंडाऱ्यापासून समुद्र फार दूर. आमच्या वैनगंगेचें पाणी तेवढें गोदावरीच्या वाटेनें समुद्रास मिळतें. तेव्हां वाचक म्हणतील कीं या बेटाशीं आमचा काय संबंध? संबंध आहे. या जिल्ह्यांतील आम्हां ब्राह्मणांचीं किती घराणीं मूळचीं येथलीं आहेत? नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत, कोणी कारकुनीसाठीं, कोणी वृत्तीसाठीं, कोणी फौजेबरोबर देशावरून आणि कोंकणांतून आले. पुढें १८५३ सालीं तिसरे रघुजी निवर्तले, राज्य खालसा झालें, तरी आलेले परत गेले नाहींत. आमचेंहि एके काळीं ‘गेलेले’ हेंच वर्णन होतें. मूळ गांवच्या वंशावळींत आपल्या शाखेपुढें ‘नागपुराकडे गेले’ एवढेच शब्द असल्याचें पाहून ज्यांना वाईट वाटलें असेल, त्यांना त्या बेटावरच्या माणसाचें दुःख समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आणि दुसरी एक गोष्ट आहे, ती अधिक लाजिरवाणी. मॉरिशसच्या त्या नोंदवह्यांत स्त्रीला नवऱ्याच्या क्रमांकाखालीं दडविलेलें नाहीं. तिला स्वतःचा क्रमांक आहे, स्वतःचें नांव आहे, तिच्या बापाचें नांव आहे, गांव आहे. आतां आमच्या घरची वंशावळ उघडून पाहावी. मूळपुरुषास तीन पुत्र, त्यांपैकीं एक निपुत्रिक, दुसऱ्यास चार पुत्र. हे सर्व पुत्र कोणाच्या पोटीं आले याचा पत्ता नाहीं! मुली तर जन्मल्याच नाहींत असें वाटावें. अशा वंशावळींतून अर्धा वंश गळालेला असतो, आणि आम्ही ती अभिमानानें चौकट करून भिंतीवर लावतों.

शास्त्रानें असें सांगितलेलें नाहीं. महालयांत आम्ही कोणाकोणास पिंड देतों हें आठवावें. बाप, आजा, पणजा यांबरोबर आई, आजी, पणजी यांचाहि नामगोत्रासह उच्चार करावा लागतो. मातामहांची त्रयी सपत्नीक येते. पुढें पत्नी, मुलगा, मुलगी, चुलता, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरु, शिष्य, आप्त. इतकी विशाल यादी ज्या धर्मानें सांगितली, त्याच धर्माचे आम्ही, पणजीचें नांव भटजींनीं विचारलें म्हणजे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतों. मग नांव अज्ञात असतां जी सोय शास्त्रानें नाइलाजासाठीं ठेविली आहे तिचा आश्रय करून पुढें सरकतों. नाइलाजाची सोय नित्याची होऊन बसली आहे.

यावर उपाय कठीण नाहीं. यंदाच्या पितृपक्षापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ वही घेऊन बसावें. तिला तिच्या सासूचें नांव, सासूचें माहेर, आजेसासूचें नांव, नणंदा कोठें दिल्या, जावांचीं गांवें कोणतीं, हें विचारावें. घरांतील पुरुष ज्या ठिकाणीं ‘आठवत नाहीं’ म्हणून थांबतात तेथून पुढें या बायका सुरुवात करतात, असा आमचा अनुभव आहे. माहेरचें आणि सासरचें अशीं दोन्ही नांवें लिहावींत. घर सोडून गेला, दुसऱ्या जातींत लग्न केलें, भांडून निघाला, परदेशीं राहिला, अशा कोणाचेंहि नांव गाळूं नये. तो कोठें गेला आणि कोणत्या सालीं गेला, तें त्याच्या नांवापुढें लिहावें. रंग, उंची, व्रण, आवाज, आवडीचा पदार्थ, जें सांगितलें जाईल तें टिपावें. मग शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर आणि गांवचें कोतवाल बुक पाहून साल जुळवावें. शाळेंत उभा जन्म गेल्यामुळें आम्हांस ठाऊक आहे कीं, दाखल-खारिजांतील जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींच्या अंदाजाची असते. आणि कोतवाल बुकांत अमक्यास ‘मुलगी’ एवढीच नोंद सांपडेल, नांव सांपडणार नाहीं. तें नांव फक्त त्या वृद्ध स्त्रीच्या तोंडीं आहे, आणि ती पुढच्या पितृपक्षापर्यंत असेलच असें नाहीं.

कोंकणांतील वाचकांपैकीं कोणाच्या गांवीं समुद्रापलीकडून एखादा पाहुणा क्रमांक लिहिलेला कागद घेऊन आला, तर त्यानें त्याला ओटीवर बसवावें, पाणी द्यावें, आणि गांवच्या जाणत्यांस बोलावून आणावें. नांव निघो वा न निघो, ‘तुम्ही आमच्या गांवचे’ हे शब्द ऐकण्यासाठींच तो इतका प्रवास करून आलेला असतो. आणि आपल्या घरच्या वंशावळींत एखादी जागा कोरी असेल, तर ती आज संध्याकाळींच कोणास विचारून भरून घेतां येईल, याचा प्रत्येक कुटुंबानें विचार करावा.