बिनतारी संच आणि किनाऱ्याची निकड

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून निघालेली होडी किनाऱ्यापासून काही मैल दूर गेली की खिशातील मोबाइल मुका होतो. मग आधार उरतो तो बिनतारी संचाचा. सागरी संच घ्यायचा तर खर्च आणि परवान्याची यातायात. उलट हौशी रेडिओचालकांसाठी बनविलेला हातसंच पुष्कळदा स्वस्तात मिळतो. हौशी मंडळींना आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा नेमून दिलेला आहे. समुद्रावरील संकटाची हाक १५६.८ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे सोळाव्या चॅनेलवर दिली जाते. कित्येक हातसंचांत प्रक्षेपणाची ही हद्द एका इवल्याशा डायोडने बांधलेली असते. तो काढून टाकला की संच हद्दीबाहेरच्या फ्रिक्वेन्सीवरही बोलू लागतो. ही युक्ती जगभर ठाऊक आहे, आणि निकडीच्या माणसाला तिचा मोह पडला तर नवल नाही. परंतु या मोहाची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट अशी की, फ्रिक्वेन्सीची हद्द वाढली म्हणून संचाचा पल्ला वाढत नाही. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. समुद्रसपाटीपासून दोन मीटर उंचीवर धरलेल्या दोन संचांमधील संवाद फार तर बारा किलोमीटरपर्यंत पोहोचतो. किनाऱ्यावरील अँटेना शंभर मीटर उंचीवर असेल, तर हेच अंतर सुमारे ४५ किलोमीटर होते. म्हणजे बळ डायोड तोडण्यात नाही, किनाऱ्यावरच्या उंचीत आहे. शिवाय संचातील गाळणी आणि अँटेना मूळ पट्ट्यासाठी जुळविलेली असतात; त्याबाहेर शक्ती घटते आणि नको त्या फ्रिक्वेन्सीवरही गोंगाट उमटतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एफएम पद्धतीत एकाच चॅनेलवर दोन संदेश आले तर बलवान संदेश दुर्बळाला झाकून टाकतो. बंदरात कोणी सोळाव्या चॅनेलवर सहज गप्पा मारीत बसला, तर दूर बुडणाऱ्या होडीची क्षीण हाक कोणालाच ऐकू येणार नाही. हे कोळी समाजाला शिकवावयाची गरज नाही. समुद्र सर्वांचा आहे, म्हणूनच १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद राहते. एकाने जाळे टाकले तर त्याचा लाभ त्याचा आणि हानी सर्वांची. आकाशलहरींचे अर्थशास्त्र नेमके हेच आहे.

आणि मच्छीमार नगराला तर सुरक्षिततेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आलेले दहा अतिरेकी रबरी होडीतून याच किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर परवान्याविना बिनतारी संच बाळगणे यंत्रणेला संशयास्पद वाटले, तर तिला दोष देता येणार नाही. १९३३ च्या बिनतारी कायद्यापासूनच असा संच बाळगणे हा गुन्हा मानला गेला. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकू देणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा बजावल्या आणि मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. हे योग्यच झाले.

तथापि केवळ मनाईने गरज नाहीशी होत नाही. ती चोरवाटेने जाते. हौशी रेडिओ हा काही संशयितांचा उद्योग नव्हे. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा अंदमानात असलेल्या भारती प्रसाद व त्यांच्या हौशी सहकाऱ्यांनी मुख्य भूमीशी संपर्क राखला, तो रीतसर परवानगीच्या बळावर. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमही संकटात सापडलेल्याला हाती असेल ते साधन वापरण्याची मुभा देतात. ती मुभा बुडणाऱ्यासाठी आहे, संच आधीच फोडून ठेवणाऱ्यासाठी नाही. पण प्राण वाचविणे हेच प्रथम, हे तत्त्व तिच्यात मान्य केलेले आहे.

तेच तत्त्व शासनाने एक पाऊल पुढे नेले पाहिजे. मच्छीमार सहकारी संस्था डिझेल आणि बर्फ पुरवितात. त्यांच्यामार्फतच जलरोधक सागरी संच हप्त्याने मिळावा, परवान्याचे काम बंदरावरच उरकावे, आणि किनाऱ्यावरील उंच अँटेनापाशी मराठी समजणारा माणूस अहोरात्र कान देऊन बसलेला असावा. इस्रोने विकसित केलेले, उपग्रहामार्गे संकटसूचना देणारे यंत्रही लहानातल्या लहान होडीपर्यंत जावे. ज्याने डायोड तोडला त्याला जाब जरूर विचारावा. परंतु सरळ मार्ग त्याच्या ऐपतीत आणि आवाक्यात होता काय, हा जाब शासनालाही द्यावा लागेल.