बार भरताना

एम.ए.च्या वर्गात एका ग्रामीण कथेचे वाचन चालू होते. कथेतला शिकारी 'बार भरतो' असे वाक्य आले आणि एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, बार म्हणजे गोळीच ना? मग ती भरायला एवढा वेळ कसा लागतो?" प्रश्न साधा होता. आमच्यापैकी जे शिकवत होते त्यांनी उत्तरही दिले. पण ते शब्दकोशातले होते. 'ठासणीची बंदूक : जिच्या तोंडातून दारू व गोळी भरतात ती.' वर्गाचे समाधान झाले, आमचे झाले नाही. पुढे आम्हां तिघाचौघांत या विषयावर बरेच दिवस बोलणे होत राहिले आणि त्यातून जे मत बनले ते येथे मांडत आहोत. ते थोडक्यात असे : शिकारीची नीती चाप ओढण्याच्या क्षणी ठरते असे आपण मानतो, वस्तुतः ती बार भरताना, म्हणजे कोणती दारू, किती आणि कशासाठी हे निवडताना ठरते. ठासणीची बंदूक ठाऊक नसलेल्या वाचकाच्या हातून आपल्या शिकारकथांतला हा गाभाच निसटतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. ठासणीच्या बंदुकीत आधी नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, मग गोळी किंवा छर्रे सोडायचे आणि गजाने सारे दाबून घट्ट बसवायचे. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळीला धोका, म्हणून ठासायचे. नळीच्या मागच्या बाजूला जे बारीक छिद्र असते त्याला 'कान' म्हणत. त्याच्याशी ठेवलेली चिमूटभर बारीक दारू म्हणजे 'रंजक'. जुन्या बंदुकीत या रंजकेला जळत्या तोड्याने पेटवीत, पुढे चकमकीच्या गारेने, आणि त्यानंतर तांब्याची टोपी आली. रंजक उडाली पण आतली दारू पेटलीच नाही, की बार फुकट गेला. 'फुसका बार', 'बार उडवणे', 'बत्ती देणे', 'ठासून भरणे' हे प्रयोग आपण रोज करतो. त्यांतले काही बंदुकीपेक्षा जुने आणि व्यापक असतील. परंतु त्यांच्यामागचे जे चित्र आहे ते या दारूचे आणि या नळीचे. तंबाखूचा बार भरणारा मनुष्यसुद्धा नकळत तीच कृती करीत असतो : मापाने घ्यायचे, दाबून बसवायचे.

1857 चे उदाहरण तर प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावल्याची वार्ता पसरली आणि शिपाई बिथरले. पण काडतूस दातांनी तोडावेच का लागत होते, हे विचारले तर वर्ग गप्प होतो. 1853 च्या नमुन्याची ती एनफिल्ड रायफल ठासणीची होती. कागदी पुडीत दारू आणि गोळी एकत्र बांधलेली असे. शिपायाने पुडीचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि मग गोळी गजाने आत ढकलायची. एवढे कळले की इतिहासातली ती तोंडपाठ ओळ एकदम हाडामांसाची होते. धर्माचा प्रश्न ओठांवर का आला, तर दारू भरण्याची रीतच तशी होती.

आता दारूच्या निवडीकडे येऊ. 'प्रणोदक' हा परिभाषेतला शब्द आम्हांस मान्य आहे, पण त्यापेक्षा 'दारू' बरा. त्याला धुराचा वास आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ती काळी दारू शतकानुशतके एकच राहिली असे वाटते, प्रत्यक्षात ती तिच्या दाण्यावर बदलते. दाणा मोठा तर ती सावकाश जळते, बारीक तर झटक्यात. म्हणून तोफेची दारू निराळी, बंदुकीची निराळी आणि रंजक सर्वांत बारीक. कोळसा कोणत्या लाकडाचा यालाही महत्त्व. आपल्याकडे रुईच्या आणि तुरीच्या काटक्यांचा हलका कोळसा त्यासाठी वापरीत. ही निवड करणारा मनुष्य कारागीर होता, आणि त्याची परीक्षा त्याच्या बढाईने होत नसून पुढच्या बाराने होत असे.

या दारूचा मोठा वैरी म्हणजे ओल. हे समजायला महाबळेश्वराइतके योग्य ठिकाण नाही. वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, महिनोन् महिने धुके, भिंतींना शेवाळ आणि कपाटातल्या पुस्तकांना बुरशी. जावळीच्या या मुलखात कोरडी दारू बाळगणे हे किती कष्टाचे काम असेल याची कल्पना श्रावणात तेथे चार दिवस राहिलेल्या कोणालाही येईल. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी जी दक्षता सांगितली आहे ती या दृष्टीने पुन्हा वाचावी. दारूखाना वस्तीला लागून नसावा, आणि साठा ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्याला ऊन द्यावे, असा तो उपदेश आहे. राजनीतीचा ग्रंथ म्हणून आपण 'आज्ञापत्र' शिकवतो, तेव्हा ही कलमे किरकोळ समजून गाळतो. सह्याद्रीच्या पावसात राज्य राखायचे म्हणजे काय, हे मात्र त्या किरकोळ कलमांतच अधिक कळते.

हीच ठासणीची बंदूक आज अमेरिकेत नव्या रूपात जिवंत आहे आणि तेथे दारूच्या निवडीवर गंभीर विचार होतो. अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम असतो. मिसूरीच्या टोनी नाइट यांनी 1985 मध्ये आणलेल्या बंदुकीपासून सरळ रेषेत ठिणगी देणारी आधुनिक रचना लोकप्रिय झाली. तिच्यासाठी शिकाऱ्यापुढे पर्याय पुष्कळ आहेत. खरी काळी दारू सहज पेटते. पण धूर दाट, आणि जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घन राख होऊन नळीत बसतो. ती राख ओल ओढते आणि त्याच दिवशी पाण्याने धुतली नाही तर नळी गंजते. 1976 मध्ये आलेली 'पायरोडेक्स' साठवायला व पाठवायला सोयीची, पण तिला पेटायला अधिक उष्णता लागते. चकमकीच्या बंदुकीला ती मानवत नाही. 'ट्रिपल सेव्हन' गंधकाविना बनते, साध्या पाण्याने धुऊन निघते. मात्र ती अधिक जोरकस असल्याने माप सुमारे 15 टक्क्यांनी कमी घ्यावे लागते. 'ब्लॅकहॉर्न 209' फार कमी राख सोडते आणि ओलीला दाद देत नाही. तिला पेटवायला मात्र छर्ऱ्याच्या काडतुसात असते तशी जोरदार टोपीच हवी. आणि एक निषेध सर्वांच्या वर : 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी काढलेल्या निर्धूर दारूच्या वंशातली, काडतुसांत भरतात ती दारू ठासणीच्या सामान्य बंदुकीत कधीही घालू नये. तिचा दाब त्या नळीला सोसत नाही. नळी फुटते, आणि ती नेमक्या भरणाऱ्याच्याच तोंडाजवळ असते.

या यादीतून निवड कशी करावी? नवशिका विचारतो, सर्वांत जोरदार कोणती? जाणता विचारतो, दर वेळी सारखीच चालणारी कोणती? अर्ध्या इंचाच्या नळीत 100 ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम काळ्या दारूइतके माप हरणाला पुरते असा तिकडचा रूढ अनुभव आहे. 150 पर्यंत नेणारेही आहेत. पण वाढीव दारूचा काही भाग नळीबाहेर जळतो, धक्का वाढतो आणि नेम बिघडतो. कोलोरॅडो राज्याच्या ठासणी-हंगामाच्या नियमांत तर निर्धूर दारूबरोबर आयत्या घडवलेल्या दारूच्या वड्यांनाही मज्जाव आहे. सुटी दारू मापूनच भरली पाहिजे. या नियमामागचा भाव आम्हांस मोलाचा वाटतो. हाती एकच बार आहे, दुसरा भरेपर्यंत जनावर रानात नाहीसे होणार. तेव्हा आपल्या दारूची पोच जिथवर खात्रीची, तिथपर्यंतच बार टाकायचा, त्यापलीकडे बंदूक खाली ठेवायची. दारूची निवड म्हणजे स्वतःच्या मर्यादेची निवड.

याचा अर्थ हरणाच्या बाजूने पाहिल्यावर उमगतो. पूर्ण वाढलेला सांबर नर दोनशे किलोंच्या पुढे जातो. भेकर जेमतेम पंचवीस किलोंच्या आसपास. ज्या बाराने भेकर जागीच पडेल त्याच बाराने सांबर जखमी होऊन दरीत उतरेल आणि दोन-तीन दिवसांनी कुठल्या तरी ओढ्याकाठी मरेल. ओलसर दारू, अंदाजाने घेतलेले माप, अर्धवट ठासलेली गोळी यांची शिक्षा शिकाऱ्याला होत नाही, जनावराला होते. आमच्या वाचनातल्या बहुतेक शिकारकथा माग काढण्यावर आणि दबा धरण्यावर पानेच्या पाने खर्च करतात, आणि मग 'बार काढला' या दोन शब्दांत सारे उरकतात. जनावर जखमी होऊन निसटले तर ते नशीब ठरते. बार भरतानाचे ते मिनिट कथेत आलेच नसल्याने हा दोष कोणाचा हे विचारायला जागा उरत नाही. आणि ज्या लेखकाने ते मिनिट लिहिलेले असते, त्याचे श्रेय आपण 'तपशिलांची समृद्धी' अशा गुळगुळीत शब्दांत मांडून पुढे जातो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. शिकार हा आपल्याकडे गुन्हा आहे. मग मराठीच्या तासाला ही विद्या कशाला? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला, 1991 च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचे उरलेसुरले दारही बंद केले. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. खाली कोयनेचे अभयारण्य 1985 पासून आहे, आणि 2010 पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. ज्या गिरिस्थानी 1828 नंतर माल्कम पेठ वसली आणि साहेबलोक हवा खायला येऊ लागले, त्या रानात आज सांबरावर बार टाकण्यासाठी योग्य दारू कोणती, याचे उत्तर एकच आहे : कोणतीही नाही. बंदूक रिकामीच ठेवावी. याबाबत आमच्या मनात तिळमात्र किंतु नाही.

तरीही आक्षेपाला आमचे उत्तर असे, की गुन्हा काय आहे हे कळण्यासाठीही कृती कळावी लागते. 'ठासणीच्या बंदुकीसह शिकारी ताब्यात' अशी बातमी आपल्या जिल्हा-पुरवणीत अधूनमधून येतेच. ती बंदूक पुष्कळदा गावठी असते आणि दारू बेभरवशाची. त्या बाराने किती जनावरे न मरता जखमी होऊन गेली याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. दुसऱ्या बाजूला, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेली ठासणीची बंदूक कोकणातल्या कित्येक घरांत आहे. रानडुकरे एका रात्रीत भात लोळवून जातात तेव्हा त्या घरचा माणूस नुसता आवाजाचा बार काढतो, निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतो, पुन्हा आणतो. चोरटा शिकारी आणि हा शेतकरी यांच्या हाती वस्तू एकच, पण एकाच्या नळीत गोळी आहे, दुसऱ्याच्या नळीत बहुधा फक्त दारू. त्या दोघांना कथेत वा बातमीत वेगळे ओळखायचे असेल, तर बार कशाने भरला हे विचारावेच लागेल.

एकेकाळी बंदूक घेऊन रानात हिंडलेले सांगली जिल्ह्यातले व्यंकटेश माडगूळकर पुढे 'नागझिरा' लिहिताना निव्वळ पाहण्यासाठी रानात राहिले. त्या गद्यातली स्थिरता, वाट पाहण्याची तयारी आणि एका नजरेत जनावर नेमके टिपण्याची सवय कुठून आली असेल? आमच्या मते, ज्याला बार वाया घालवणे परवडत नाही अशा माणसाची ती शिस्त आहे. बंदूक गेली, शिस्त वाक्यात उतरली. हे मत कोणाला धाडसी वाटेल. वाटल्यास त्यांनी ते खोडून काढावे.

आमची सूचना लहान आहे. शिकारीची कथा वर्गात घेताना कथानकाच्या आधी बंदूक कोणती ते विचारावे : तोड्याची, टोपीची की काडतुसाची? दारू कुठून आली, कोरडी राहिली का, दुसरा बार भरायला अवकाश होता का? जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी गज, रंजक, कान हे शब्द वापरलेली माणसे कदाचित अजून असतील. त्यांच्याकडून ते त्यांच्याच उच्चारात टिपून घ्यावेत. ज्या विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला तिला आम्ही हेच काम दिले आहे. सुटीहून परतल्यावर ती सांगत होती, आजोबांनी आधी हसून विषय टाळला, मग रिकामी मूठ पुढे केली, अंगठा आडवा धरून दारूचे माप दाखवले आणि म्हणाले, "एवढीच. जास्त घातली की माणूस माजतो."