चरबी बोलते, आपण ऐकतो का?

माजलेल्या माणसाला आपण मराठीत ‘फार चरबी चढली आहे’ म्हणतो. कन्नडमध्ये तर ‘कोब्बु’ हा एकच शब्द चरबीलाही चालतो आणि माजालाही. आपल्या दोन्ही भाषांनी चरबीला असा स्वभाव बहाल केला आहे. मी भाषा शिकवणारा माणूस, वैद्यकातला नव्हे. पण या विषयावर वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की, चरबी नुसती पडून राहत नाही हे विज्ञानालाही पटले आहे.

पूर्वी चरबी म्हणजे धान्याची कणगी समजत. उरले ते भरायचे, टंचाईत काढायचे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी लठ्ठ उंदरांमधला एक बिघडलेला जनुक शोधला आणि ही समजूत मोडली. या जनुकामुळे चरबीच्या पेशी एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडतात. ‘साठा पुरेसा आहे, आता पुरे’ असा निरोप ते मेंदूला देते. त्याचे नाव लेप्टिन. ग्रीक भाषेत ‘लेप्टोस’ म्हणजे सडपातळ. आता इंजेक्शनने लठ्ठपणा जाईल, अशी आशा वाटली. पण बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच भरपूर असते. मेंदूच ते ऐकेनासा होतो!

त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत गोखान होतामिश्लिगिल आणि सहकाऱ्यांना दिसले होते की, लठ्ठ उंदरांची चरबी ‘टीएनएफ अल्फा’ नावाचे द्रव्य तयार करते आणि ते इन्सुलिनच्या कामात आडवे येते. हे द्रव्य एरवी जंतुसंसर्गाशी लढताना वाढते. पुढे २००३ मध्ये लठ्ठपणात चरबीच्या ऊतींत रोगप्रतिकारक पेशी गर्दी करतात, हेही आढळले.

जखम झाली की जागा लाल होते, सुजते आणि काही दिवसांत ओसरते. तो दाह उपकारक. चरबीतला दाह मात्र राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. दुखत नाही, ताप येत नाही. वर्षानुवर्षे धुमसत राहतो. त्याचा संबंध मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी आहे.

लंडनचे डॉ. जॉन युडकिन याच दाहाचे अभ्यासक. १९९९ मध्ये त्यांनी दाखवले की, वरकरणी निरोगी माणसांतही चरबी जास्त असेल तर रक्तातल्या दाहाच्या खुणा जास्त असतात. हेच युडकिन २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका छायाचित्रात दिसले. शेजारी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या हिशेबाने दोघांचे वजन सारखेच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

वाचकहो, गोम इथेच आहे. आपल्याकडचा माणूस काटकुळा दिसूनही आतून चरबीदार असू शकतो. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण वजनात एवढी तफावत असूनही त्वचेखालची चरबी आपल्या बाळांनी बरीच राखली होती. उणे पडले होते ते स्नायू. म्हणजे या गोष्टीची सुरुवात आईच्या पोटातच होते.

म्हणून ‘आमच्यात कोणी लठ्ठ नाही, साखरेची तपासणी कशाला?’ हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध माप घ्यावे. आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर गाठले, तर डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करावी. घरात कोणाला मधुमेह असेल तर माप कमी असले तरी करावी. रोजचे चालणे, स्नायूंना थोडे कष्ट आणि ताटातला एक घास कमी, एवढ्यानेही निखारा मंदावायला मदत होते.

आणि घरातल्या गर्भवती सुनेच्या, लेकीच्या ताटात काय पडते, तेही पाहावे. ‘सगळ्यांचे झाल्यावर जेवेन’ ही रीत तिच्यापुरती तरी मोडायलाच हवी.