भाषणात सुविचार पेरताना

शाळेचे स्नेहसंमेलन असो, सोसायटीतील गणेशोत्सव असो की कार्यालयातील निरोप समारंभ, कधी ना कधी चार शब्द बोलण्याची पाळी आपल्यावर येतेच. मग कपाटातले सुविचारांचे पुस्तक बाहेर निघते, हल्ली मोबाइलवर शोधाशोध होते आणि थोरामोठ्यांची वचने एकाखाली एक कागदावर उतरवली जातात. भाषण तयार झाले असे वाटते, पण तयार झालेली असते ती फक्त वचनांची यादी. श्रोते टाळ्या वाजवतात, मात्र वक्त्याला नेमके काय म्हणायचे होते, हे घरी जाताना कुणालाच आठवत नाही.

याचा अर्थ भाषणात वचने वापरूच नयेत असा नाही. नेमके वचन पेंगुळलेल्या सभेलाही जागे करते. पण वचनाचे काम साक्षीदाराचे असते. साक्षीदार येतो, साक्ष देतो आणि खाली उतरतो. खटला वकिलालाच चालवावा लागतो.

आधार दुसऱ्याचा, मुद्दा आपला

याचा उत्तम नमुना म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत झालेले भाषण. लोकशाही टिकवायची तर एखाद्या थोर पुरुषाच्या पायाशीही आपले स्वातंत्र्य वाहू नये, हा इशारा त्यांना द्यायचा होता. त्यासाठी त्यांनी आधी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचा दाखला दिला. कृतज्ञतेलाही मर्यादा असते, हे सांगताना आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेलचे वचन घेतले. पण ते तिथे थांबले नाहीत. इतर कोणत्याही देशापेक्षा भारताला या इशाऱ्याची गरज अधिक आहे, असे सांगून त्यांनी स्वतःचा विचार मांडला. धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असू शकेल, राजकारणात मात्र ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता. आज लोक त्या भाषणातले आठवतात ते बाबासाहेबांचे हेच विधान. मिल आणि ओकॉनेल यांनी त्यासाठी वाट तयार करून दिली.

वचन आणि विषय यांचा सांधा

वचनानंतर लगेच 'याचा आपल्याशी संबंध काय?' हे सांगणारे वाक्य आले पाहिजे. २४ जुलै १९९१ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला, त्या वेळी देशाकडचे परकीय चलन जेमतेम पंधरा दिवसांच्या आयातीला पुरेल इतकेच होते. लांबलचक, आकड्यांनी भरलेल्या भाषणाच्या शेवटी त्यांनी फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्यूगोचा हवाला दिला. ज्या कल्पनेची वेळ आली आहे तिला जगातली कोणतीही शक्ती रोखू शकत नाही, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वाक्यात त्यांनी सांगितले की, जगातील एक मोठी आर्थिक शक्ती म्हणून भारताचा उदय ही अशीच एक कल्पना आहे. या एका सांध्यामुळे ह्यूगोचे शब्द भारताचे झाले. सगळ्या भाषणात त्यांनी वचनांची खैरात केली असती, तर शेवटचे हे वचनही त्या गर्दीत हरवले असते.

नावाची खात्री करा

ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, अशा अर्थाचा गांधीजींच्या नावाचा फलक आपण बँकेत किंवा दुकानात पाहिला असेल. गांधीजींनी १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील भाषणात हे उद्गार काढले, असे सांगितले जाते. पण १८९० मध्ये गांधीजी लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोहोचले १८९३ मध्ये! विचार चांगला आहे म्हणून तो कुणाच्याही नावावर खपवता येत नाही. सभेतल्या एखाद्या जाणकाराच्या हे लक्षात आले, तर आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. नावाची खात्री नसेल तर 'असे म्हणतात' एवढे पुरे.

संदर्भही पाहावा. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधील थोडक्यात बोलण्याची थोरवी सांगणारे वाक्य वक्ते मोठ्या गांभीर्याने उद्धृत करतात. नाटकात ते पोलोनियस या पाल्हाळिक दरबाऱ्याच्या तोंडी आहे आणि त्यातच खरी गंमत आहे.

समोर कोण बसले आहे?

इंदूर, बडोद्याच्या महाराष्ट्र मंडळात आजोबांना संस्कृत सुभाषित आवडेल, पण नातवंडांना त्याचा अर्थ सोप्या मराठीत सांगावा लागेल. उर्दू शेर उच्चार जमत असेल तरच म्हणावा. कार्यालयात पडद्याच्या साहाय्याने माहिती सादर करताना एका पडद्यावर एकच छोटे वचन ठेवावे. ते लोकांना वाचू द्यावे आणि आपण त्याविषयी बोलावे. पाच मिनिटांच्या भाषणात एक वचन पुष्कळ झाले, दोन म्हणजे कमाल मर्यादा.

सर्वांत जवळचे वचन

समजा, तीस वर्षे शिकवून एक शिक्षिका निवृत्त होत आहेत. पाच वक्ते गुरुमहिम्याचा तोच एक श्लोक म्हणतात. बाई हसतमुखाने ऐकतात, पण त्या श्लोकात त्या स्वतः कुठेच नसतात. मग एक माजी विद्यार्थिनी उठते आणि म्हणते, "बाई आम्हाला सांगायच्या, चुकलं तर खोडा, पण पान फाडू नका. पुढे कितीतरी वेळा मला हे उपयोगी पडलं." सभागृह एकदम शांत होते. तीस वर्षांत आपण काय दिले, हे बाईंना त्या क्षणी कळते.

निरोप, साठीशांत आणि श्रद्धांजली अशा प्रसंगी हे विशेष लक्षात ठेवावे. तिथे श्रोत्यांना आपली विद्वत्ता नको असते, त्यांना ते माणूस पुन्हा भेटायला हवे असते. म्हणून पुस्तक उघडण्यापूर्वी थोडे आठवून पाहा, ती व्यक्ती नेहमी काय म्हणायची? घरच्यांना, सहकाऱ्यांना विचारा. एखादे साधेच वाक्य हाती लागेल, पण ते दुसऱ्या कुणाच्याही भाषणात नसेल.

आता राहिली शेवटची परीक्षा. तयार भाषणातली सगळी वचने काढून टाका आणि उरलेले मोठ्याने वाचा. सांगण्यासारखे काही उरले असेल, तर त्यांतले सर्वांत चपखल वचन परत घाला. काहीच उरले नसेल, तर भाषण अजून लिहायचे आहे!