फोटो स्पष्ट, तरी फॉर्म का अडकतो? २० ते ५० केबीचं गणित

भरतीची जाहिरात आली की उमरगा शहरातल्या मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानांत आणि सेवा केंद्रांत गर्दी होते. मुरूम, गुंजोटी, येणेगूर अशा गावांमधून मुलं-मुली येतात. फॉर्ममधली माहिती भरायला फार वेळ लागत नाही. गाडी अडते ती फोटो आणि सहीवर. 'फाइल साइज जास्त आहे' असं स्क्रीनवर येतं. फोटो लहान केला की 'फाइल साइज कमी आहे' असं येतं. शेवटची तारीख जवळ असेल तर या दोन वाक्यांमध्येच अख्खी दुपार जाते.

बँक भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचना पाहा. फोटो शक्यतो २०० बाय २३० पिक्सेल, फाइल २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. 'नीट'च्या फॉर्ममध्ये फोटोसाठी १० ते २०० केबी अशी मर्यादा असते. म्हणजे एकाच विद्यार्थ्याचा एकच चेहरा प्रत्येक फॉर्मसाठी वेगळ्या मापात कापावा लागतो.

पिक्सेल वेगळे, केबी वेगळे

सगळा गोंधळ होतो तो 'साइज' या एका शब्दामुळे. फोटो किती ठिपक्यांचा आहे, हे पिक्सेल सांगतात. ती फाइल किती जागा घेते, हे केबी सांगतात. दोन्हींचा संबंध आहे, पण दोन्ही एकच नाहीत.

साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा असतो. तो आहे तसाच ठेवून ५० केबीत कोंबायचा म्हटलं तर २३० हून अधिक ठिपक्यांच्या वाट्याला एक बाइट येतो. जेपीईजी पद्धत फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. क्वालिटी फारच खाली आणली की हेच चौकोन चेहऱ्यावर दिसू लागतात. तोच फोटो आधी २०० बाय २३० वर आणला, तर एकूण ठिपके उरतात फक्त ४६ हजार. मग ५० केबीत प्रत्येक ठिपक्याला एकाहून जास्त बाइट मिळतो आणि चेहरा स्वच्छ राहतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी क्रॉप, मग पिक्सेल कमी करणं, आणि क्वालिटीला हात सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलटं करतात.

फोटोशॉपमध्ये यासाठी 'सेव्ह फॉर वेब' हा पर्याय आहे. तिथे सेव्ह करण्याआधीच फाइल किती केबीची होणार ते दिसतं, आणि हवा तो आकडा टाकून फाइल त्यात बसवताही येते. मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्येही एक्स्पोर्ट करताना प्रीव्ह्यू चालू केला की क्वालिटीची पट्टी सरकवताना फाइलचं वजन कळतं. लाइटरूममध्ये फाइलची कमाल मर्यादा टाकता येते, पण ती फक्त क्वालिटी उतरवते. पिक्सेल कमी करायचे असतील तर ते तिथेच वेगळे सांगावे लागतात.

डीपीआयचा आकडा तर निव्वळ चकवा आहे. ७२ चे ३०० केले म्हणून केबी बदलत नाहीत. तो आकडा छपाईसाठी असतो. माप सेंटीमीटरमध्ये दिलं असेल तेव्हाच तो कामाला येतो. ३.५ बाय ४.५ सेंटीमीटरचा फोटो २०० डीपीआयवर साधारण २७६ बाय ३५४ पिक्सेलचा होतो.

फाइल 'फारच लहान' कशी होते?

याबद्दल फारसं बोललं जात नाही, पण दुकानात डोकं धरायला लावणारी अडचण हीच. मागे पांढरा पडदा असलेला २०० बाय २३० चा फोटो नेहमीच्या क्वालिटीवर सेव्ह केला, तर तो सहज २० केबीच्या खाली जातो. सपाट पांढऱ्या भागात साठवण्यासारखं फारसं काही नसतंच. सहीचं तर आणखी अवघड. १४० बाय ६० म्हणजे फक्त ८,४०० ठिपके. जराही न दाबता साठवले तरी ते २५ केबीच्या आसपास भरतात, आणि किमान मर्यादा १० केबी! म्हणजे ज्याचं कामच फाइल दाबण्याचं, त्या जेपीईजीला इथे 'फार दाबू नकोस' असं सांगावं लागतं. सूचनेत पिक्सेलच्या मापापुढे 'शक्यतो' असेल, तर मार्ग सोपा आहे: क्वालिटी वरच्या टोकाला न्यायची आणि तरी कमी पडलं तर पिक्सेल थोडे वाढवायचे.

मर्यादा घालण्यात गैर काही नाही. लाखो अर्ज येतात, साठवणुकीला खर्च येतो. पण मोठा फोटो घेऊन तो सर्व्हरवरच लहान करणं आज अजिबात अवघड राहिलेलं नाही. ते काम अर्जदाराच्या गळ्यात टाकलं जातं आणि चुकलं तर भुर्दंडही त्यालाच. चेहरा किंवा सही अस्पष्ट असेल तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, असं आयबीपीएसच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं. पोर्टलने फाइल स्वीकारली म्हणजे फोटो चालला, असं नाही; पोर्टल केबी मोजतं, चेहरा ओळखू येतो का ते नंतर माणूस पाहतो.

व्हॉट्सअॅपवरचा फोटो

दुकानदाराला फोटो बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवर पाठवला जातो. तिथे तो एकदा दाबला जातो, दुकानात पुन्हा. प्रत्येक वेळी थोडे बारकावे जातात आणि ते परत येत नाहीत. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. आयफोनचे फोटो अनेकदा एचईआयसी प्रकारात असतात. फाइलच्या नावापुढे जेपीजी लिहिल्याने तिचा प्रकार बदलत नाही, ती जेपीईजीमध्ये एक्स्पोर्टच करावी लागते.

घाईत 'फोटो साइज कमी करा' असं शोधून समोर येईल त्या वेबसाइटवर फोटो आणि सही चढवणं ही त्याहून गंभीर गोष्ट. चेहरा, सही आणि कित्येकदा आधार कार्डही कुणा अनोळखी सर्व्हरवर जातं. गूगलच्या 'स्क्वूश'सारखी साधनं हेच काम ब्राउझरमध्येच, फाइल बाहेर न पाठवता करतात. दुकानातल्या कॉम्प्युटरवर काम झालं असेल तर डेस्कटॉपवरची प्रत डिलीट करून घेणंही तितकंच गरजेचं.

स्टाफ सिलेक्शन कमिशनने २०२४ पासून नव्या पोर्टलवर तयार फोटोऐवजी अर्ज भरतानाच कॅमेऱ्याने लाइव्ह फोटो घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे फोटोच्या केबीचा प्रश्न तिथे मिटला. सही मात्र कागदावर करून, तिचा फोटो काढून, १० ते २० केबीतच बसवायची होती.