अमेरिकेंतील भाडेकरूंचा राहण्याचा हक्क

सरकारी पैसा घरमालकाला गोड लागतो, पण त्या पैशाबरोबर आलेली अट मात्र कडू लागते, हा अनुभव सर्व देशांत सारखाच. अमेरिका श्रीमंत राष्ट्र खरें; परंतु तेथेंही गरिबाच्या डोक्यावरचें छप्पर कागदाच्या एका कपट्यावर कसें टेकलें आहे, हें आमच्या वाचकांनीं पाहण्याजोगें आहे.

१९६० नंतरच्या दशकांत तेथील सरकारनें खासगी मालकांस अगदीं हलक्या व्याजानें घरें बांधण्याची सोय करून दिली. १९६८ च्या कायद्यानें तर मालकावरचा व्याजाचा भार एक टक्क्यापर्यंत खालीं आणला. मोबदला एवढाच, कीं गरिबांस परवडेल अशा भाड्यानें घरें द्यावीत. कर्ज ४० वर्षांचें. पण पुष्कळ मालकांस २० वर्षांनीं तें फेडून मोकळें होण्याची मुभा होती. पुढें १९७४ सालीं ‘सेक्शन ८’ आलें. भाडेकरूनें उत्पन्नाचा ठराविक हिस्सा द्यावा, बाकीचें भाडें सरकारनें भरावें. हेही करार मुदतीचेच. मुदत भरली व शहरांत भाव चढले, कीं मालक म्हणतो, आम्ही सुटलों!

मालक सुटला, पण बिऱ्हाडानें जावें कोठें? यासाठीं १९९९ सालीं वाढीव मदतीच्या व्हाउचरचा कायदा झाला. नवें भाडें वाजवी असेल तर, तें नेहमींच्या मर्यादेबाहेर गेलें तरी, वरचा फरक सरकार भरतें. आणि कुटुंबाला त्याच घरांत राहतां येतें. ‘सेक्शन ८’चा करार सोडावयाचा तर मालकानें एक वर्ष आधीं लेखी नोटीस दिली पाहिजे. ती दिली नाहीं, तर दिल्यापासून वर्ष होईपर्यंत भाडेकरूला काढतां येत नाहीं, कीं त्याचा हिस्सा वाढवितां येत नाहीं.

इतकें स्पष्ट असूनही मालक कोर्टांत गेलेच. २००८ सालीं वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानें ठरविलें कीं, असें व्हाउचर मालकानें घेतलेंच पाहिजे. फिलाडेल्फियांतील एका कुटुंबाविरुद्ध, भाडेपट्टा संपला म्हणजे हक्कही संपला, असा निकाल अपील कोर्टाच्या एका पीठानें २०१७ सालीं दिला. पुढल्याच वर्षीं त्याच कोर्टाच्या पूर्ण पीठानें तो फिरविला. घर भाड्यानें दिलें जात आहे तोंपर्यंत, योग्य कारणावांचून, कुटुंबाला उठवितां येत नाहीं. मालकी हक्काची ही गळचेपी आहे अशी ओरड झाली. पण स्वस्त कर्ज घेतांना ही मंडळी गप्प होती.

आम्हांला खरा धोका कोर्टांत दिसत नाहीं. कुळकर्ण्याच्या दप्तरांत काय लिहिलें आहे हें आमच्या कुळाला ठाऊक नसे, म्हणूनच त्याचें शेत जाई. तशीच नोटीस हातीं पडतांच घाबरून घर सोडणाऱ्याचा हक्क तेथेंही बुडतो. कारण कुटुंब बाहेर पडलें, कीं तें व्हाउचर साध्या मर्यादेचें होतें. शिवाय मदत आहे ती कुटुंबाच्या नांवावर, घराच्या नव्हे. तें कुटुंब गेलें, म्हणजे घर बाजारांत गेलें. मागून येणाऱ्या गरिबाला तेथें जागा नाहीं. वॉशिंग्टन शहरांत १९८० च्या कायद्यानें इमारत विकतांना भाडेकरूंना ती घेण्याची पहिली संधी दिली. तिला पुढें अपवाद पडले. तरी जेथें अशी तरतूद नाहीं तेथें ती व्हावी, आणि मालकाची नोटीस निघण्यापूर्वींच भाडेकरूंनीं आपले संघ उभारावेत, असें आमचें मत आहे.